जे, डब्ल्यू आणि भाकरीचं पीठ

सकाळी सव्वासहाला आमच्याकडे दूधवाला येतो आणि त्याच्या पाठोपाठ पुण्याहून लेकीचे हिरवे-पिवळे चौकोन येतात. वर्डल. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा चान्स, अक्षर जागेवर बसलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीच तर करडं. लेक तिसऱ्या चान्सला उडवते, जाऊबाई चौथ्याला, आणि मी एका हातात फोन धरून दूध उतू घालवते.

हा गेम म्हणे जोश वॉर्डल नावाच्या माणसानं आपल्या जोडीदारणीसाठी, पलक शाहसाठी बनवला. आमच्याकडे नवरा बायकोसाठी फार तर सिलिंडर बदलून देतो, ते असो. पण तिनंच बारा हजारांच्या आसपास शब्दांतून ओळखीचे तेवढे निवडून अडीचेक हजार ठेवले म्हणतात. म्हणजे तिच्या ओळखीचे हां, माझ्या नाही! सप्टेंबर २०२२ मध्ये एकदा दुसरं ए आणि शेवटचं ई आर हिरवं झालं, मी खुश, आता काय राहिलंय म्हणून वॉटर, पेपर, पेयर, पेव्हर सगळं टाकून बघितलं, आणि उत्तर निघालं पेरर. पेरर म्हणजे सोलणारा. अहो आमच्या घरी शेंगा सोलणाऱ्याला वेगळं नाव नसतं, जो रिकामा बसलेला सापडेल तो!

खरी अडचण माझ्या डोक्यात आहे. शाळेत आम्ही स्पेलिंग पाठ केलं ते चालीवर, बी यू टी बट, पी यू टी पुट, त्यामुळे शब्द पहिल्या अक्षरापासून सुरू केला तरच गाडी पुढे सरकते. भेंड्यांमध्येही तेच, 'म' आला की म वरून पंचवीस गाणी तयार. पण 'तिसरं अक्षर डब्ल्यू असलेला शब्द सांग' म्हटलं की मी आमच्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखी उभी राहते. त्यात आपल्या कानाला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही 'व'च. मी कितीतरी चान्स नुसते 'व' कुठला या गोंधळात घालवलेत आणि घरात कुणाला सांगितलेलं नाही.

या जानेवारीत पुतण्या गड्ड्याच्या जत्रेला म्हणून बेंगलोरहून आला तो बॅगेतून स्क्रॅबल घेऊनच, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या बोर्डावर लावून शब्द जुळवायचा खेळ. होम मैदानावरून पाळण्यात बसून आलो, पाय दुखायला लागलेले, त्यानं हॉलमध्ये सतरंजीवर बोर्ड मांडला. "काकू, बसा की, एकच डाव." बसले. शंभर सोंगट्या, ई बारा, पण क्यू, जे, झेड एकेकच. आल्फ्रेड बट्स नावाच्या बेकार झालेल्या आर्किटेक्टनं पेपरातली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलेलं, मंदीच्या काळात. बिनकामाचा माणूस काय करेल सांगता येत नाही बघा.

मला पहिल्याच हाताला क्यू आला. यू नाही. क्यू आला की माझ्या डोक्यात क्वीन आणि क्वेश्चन, त्यापुढे अंधार. पुतण्यानं फोनवर एक साईट काढली, त्यात अक्षरं टाकली की शब्दांची यादीच येते. मी म्हटलं ही तर कॉपी झाली. तो म्हणाला, "नाही हो, प्रॅक्टिस." प्रॅक्टिस म्हणून बघितली तर त्यात फकीर! एफ ए क्यू आय आर. इतकी वर्षं दारात यायचा, मला काय माहीत तो क्यू घेऊन फिरतोय.

त्यानंतर मी जोरात खेळले, खोटं कशाला बोलू. शेवटाला पिशवी रिकामी, मी वीस पॉईंटनी पुढे, आणि हातात राहिले जे, डब्ल्यू, ए, आर. बोर्डावर एक ओ मोकळा, त्याच्या आधी एक घर रिकामं, नंतर तीन. मी बघितलं. चांगलं दहा मिनिटं बघितलं. जॉ होईना, वॉर होईना, हे सोफ्यावरून "जार कर, जार" म्हणत होते, अहो ओ मध्ये आहे त्याला काय गिळू? शेवटी पास म्हटलं. पुतण्यानं आपली शेवटची सोंगटी लावली आणि संपवलं. नियम असा की उरलेल्या सोंगट्यांचे पॉईंट माझ्यातून वजा आणि त्याच्यात जमा. आठ आणि चार आणि एक आणि एक, चौदा. माझे चौदा गेले, त्याचे चौदा वाढले, वर त्याच्या शेवटच्या सोंगटीचे पॉईंट. वीसची आघाडी गेली आणि मी हरले.

मी काही बोलले नाही. उठून स्वयंपाकघरात गेले, परातीत पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं आणि मळायला लागले. पहिली भाकरी थापताना पीठ जरा जास्तच बडवलं गेलं. पुतण्या शेंगाचटणीच्या डब्यात बोट घालत ओट्याला टेकून उभा राहिला.

"काकू, अशी भाकरी बेंगलोरला नाही होत हो. पीठ आणतो मी दुकानातून, पाकिटावर मोठ्ठं लिहिलेलं असतं जोवार फ्लोअर म्हणून, पण तुटतेच."

"काय लिहिलेलं असतं?"

"जोवार."

माझा हात परातीतच थांबला. आम्ही ज्वारी म्हणतो, शाळू म्हणतो, मालदांडी म्हणतो, अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात तिच्या पोटात ओ असल्याचा संशय कुणाला आला नसेल. तशाच पिठाच्या हातानं हॉलमध्ये गेले. बोर्ड अजून सतरंजीवर तसाच. ओ च्या आधी एक घर, नंतर तीन. जे. डब्ल्यू, ए, आर.

"पण काकू, तो आपला शब्द आहे ना?"

"मघाशी फकीर कुणाचा होता?"

त्यानं फोनवर बघितलं, मान्य निघाला. नुसत्या अक्षरांचेच पंधरा पॉईंट. फोनच्या काचेवर माझ्या बोटाचा पांढरा ठसा उमटला होता आणि आतून वास यायला लागला होता.

करपलेली पहिली भाकरी त्याच्याच ताटात वाढली.