बेकाराने पाळावयाचे शिष्टाचार

नोकरी गेलेल्या माणसाच्या मनात पहिल्याच आठवड्यात एक गैरसमज घर करतो. आपल्यावर मंदी कोसळली, असे त्याला वाटू लागते. हा गैरसमज त्याने स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या हितासाठी लवकरात लवकर काढून टाकावा, कारण कोसळण्यासाठी मंदी आधी यावी लागते आणि ती आलेली नाही. रूढ व्याख्येप्रमाणे सलग दोन तिमाहींत देशाचे सकल उत्पादन घटले, तरच तिला मंदी म्हणायचे. अलीकडच्या काळात आपल्याकडे हे २०२० च्या टाळेबंदीत एकदाच घडले. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली आणि पुढे कित्येक नव्या अभियंत्यांना हाती नेमणूकपत्र असूनही रुजू होण्याची तारीख मिळेना, तेव्हासुद्धा देशाचे उत्पादन वाढतच होते. २०२३-२४ चे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले, तिकडच्या ग्राहकांनी नवी कामे पुढे ढकलली, आणि टीसीएस, इन्फोसिस व विप्रो या तीन कंपन्यांची मिळून मनुष्यसंख्या एका वर्षात सुमारे ६४ हजारांनी घटली. त्याच वर्षी देशाचा विकासदर आठ टक्क्यांहून अधिक असल्याचे सरकारी आकडे तेव्हा सांगत होते. तेव्हा आपण जर त्या वर्षी घरी बसलेले असाल, तर आपण एका भरभराटीच्या वर्षात घरी बसलेले आहात, हे ध्यानात ठेवावे आणि आवाज खाली ठेवावा.

प्रस्तुत लेखक पुण्यात चौदा महिने घरी होता. त्या अनुभवावरून तो अधिकाराने सांगू शकतो, की नोकरी शोधणे हे बेकाराचे दुय्यम काम आहे. त्याचे मुख्य काम म्हणजे आपली बेकारी कोणालाही दिसू न देणे. या कामी सरकार, कंपनी, बँक आणि नातेवाईक अशा सर्वांचे मनापासून सहकार्य मिळते. आपण फक्त आडमुठेपणा करू नये.

सुरुवात निरोपाच्या बैठकीपासूनच करावी. ही बैठक बहुधा गुरुवारी दुपारी, पंधरा मिनिटांची, विषयाच्या रकान्यात ‘थोडे बोलायचे आहे’ एवढेच लिहिलेली असते. आमच्या कचेरीतल्या खोल्यांना किल्ल्यांची नावे होती आणि माझी बैठक ‘राजगड’मध्ये झाली. आत गेल्यावर टेबलाच्या बरोबर मध्यभागी, माझ्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेला टिश्यू पेपरचा नवा कोरा डबा दिसला आणि मला सगळे कळले. एचआरच्या मुलीने, जी वयाने माझ्या भाचीएवढी असावी, मला कोणी काढत नाही हे तीनदा सांगितले. मी राजीनामा देणार होतो. तो माझ्या वतीने लिहूनही ठेवला होता आणि त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द होते. माझे वैयक्तिक कारण काय, असे मी विचारले, तेव्हा तिने अत्यंत सौम्यपणे डबा चार बोटे पुढे सरकवला.

या प्रसंगी सही करण्याआधी फार विचार करू नये. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून चालत आलेली एक तरतूद अशी आहे, की कामगाराची कपात केली तर त्याला नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. राजीनामा ही कपात नव्हे. शिवाय संगणकासमोर बसणारा माणूस कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे की नाही, यावर वकिलांची घरे पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतील एवढा मजकूर आहे. अशा वादात पडून आपण कंपनीला अवघडल्यासारखे का करावे? तिकडे आपल्याला अजून अनुभवाचे प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र घ्यायचे आहे, ज्यांच्यावाचून पुढची कंपनी दारात उभे करत नाही. कृतज्ञतेने सही करावी, गळ्यातली ओळखपत्राची फीत काढून द्यावी आणि मग बारा सहकाऱ्यांना ‘नव्या संधींचा शोध घेण्यासाठी’ आपण निघालो आहोत असे पत्र पाठवावे. त्यातले अकरा अंगठा दाखवतात. बारावा त्याच दुपारी ‘राजगड’मध्ये असतो.

भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावरही हाच सुसंस्कृतपणा पाहायला मिळतो. माणूस नोकरीतून का गेला याची कारणे निवडण्यासाठी तिथे एक यादी आहे. तीत निवृत्ती आहे, कायमचे अपंगत्व आहे, सेवेत असताना मृत्यू आहे आणि उरलेल्या सर्वांसाठी ‘सेवासमाप्ती’ असा एक नेमस्त शब्द आहे. काढून टाकल्याचा उल्लेख नाही. मृत्यूची नोंद होऊ शकते, मंदीची नाही, आणि यातून आपण आपला क्रम ओळखावा.

आता घर. आईवडिलांना सांगू नये, असे मी म्हणणार नाही. त्यांना आपोआप कळतेच, आणि कळले नाही असे ते दाखवतात, हा त्यांच्या बाजूचा शिष्टाचार झाला. माझ्या आईने पहिल्या दिवसापासून चहाबरोबर दोनऐवजी चार बिस्किटे ठेवायला सुरुवात केली, याखेरीज ती एका शब्दाने बोलली नाही. अवघड असतात ते मामा. मंगल कार्यालयात, पंगतीत, मठ्ठ्याचा पेला हातात असताना ‘मग, सध्या कुठे?’ असा प्रश्न येतो आणि शेजारच्या तीन पानांवरचे हात थांबतात. अशा वेळी ‘नोकरी गेली’ हे उत्तर देणे म्हणजे जेवणाऱ्यांच्या घशात जिलबी अडकवणे होय. ‘सध्या थोडा ब्रेक घेतलाय’ हे सुटसुटीत आहे, पण चार महिन्यांनंतर ते चालत नाही. त्यापुढे ‘कन्सल्टिंग करतो’ हे म्हणावे. कन्सल्टिंग म्हणजे काय हे मामांना ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते, त्यामुळे संभाषण तिथेच सन्मानाने संपते. एवढे करूनही मामा आपल्याला बाजूला घेऊन, त्यांच्या मित्राच्या जावयाचा नंबर देतात आणि ‘त्याला फक्त माझे नाव सांग’ म्हणतात. नंबर घ्यावा. फोन करू नये. जावईही घरीच असतो.

शोधाच्या प्रत्यक्ष कामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे फारसे नाही. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आपली माहिती रोज सकाळी अद्ययावत करावी, म्हणजे शोधणाऱ्यांना आपण वरच्या बाजूला दिसतो, असे जाणकार सांगतात. जिच्यात काहीही घडत नाही अशी माहिती रोज अद्ययावत कशी करायची, असा प्रश्न पडेल. मी एके दिवशी एक पूर्णविराम घालत असे आणि दुसऱ्या दिवशी तो काढत असे. एका पूर्णविरामाच्या जोरावर मला त्या वर्षी एकूण नऊ मुलाखती मिळाल्या.

मुलाखतीत सर्वप्रथम ‘नोटीस पीरियड किती?’ असे विचारतात. नोकरीत असताना आपण नव्वद दिवस म्हटले की समोरचा सुस्कारा सोडतो, कारण त्याला माणूस उद्या हवा असतो. आता आपण ‘उद्या येतो’ म्हटले की तो गप्प होतो, कारण जो उद्या येऊ शकतो त्याच्यात काहीतरी खोट असणार. विवाहसंस्थेत हाच नियम वेगळ्या शब्दांत पाळला जातो. पुढे चार फेऱ्या होतात. तिसरीत घरी करण्यासाठी एक कामगिरी देतात, जी ‘दोन तासांची’ म्हणून दिलेली असते आणि जिला शनिवार-रविवार लागतो. ती मन लावून करावी. आपण पाठवलेल्या कामाचे पुढे काय होते हे विचारणे असभ्य आहे. ‘आम्ही कळवतो’ या वाक्यातील कळवणे हे क्रियापद मराठीत केवळ भविष्यकाळी चालते, हे चौदा महिन्यांत मला उमगलेले एकमेव व्याकरण.

बँकेशी वागताना मात्र विशेष शालीनता लागते. पगार थांबला हे बँकेला दुसऱ्याच महिन्यात कळते, तरी आगाऊ मंजूर झालेल्या वैयक्तिक कर्जासाठी तिचे फोन चालूच राहतात. फोन करणाऱ्या मुलाला गृहकर्जाचा हप्ता चुकणार आहे असे सांगितले, तर तो विभाग वेगळा असल्याचे तो सांगतो. कंपनीच्या खर्चाने आईवडिलांचा जो आरोग्यविमा होता, तो शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो. इथे विनोद करण्याजोगे मला काही सापडले नाही. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आम्ही ‘थंडी संपू दे’ म्हणून पुढे ढकलली आणि मग ‘पावसाळा होऊ दे’ म्हणून.

काही असंतुष्ट लोक अशा वेळी सरकार काय करते, असे विचारतात. त्यांनी आपली जुनी पगारपत्रके काढून पाहावीत. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर म्हणून महाराष्ट्रात कापले जातात. हा कर १९७५ मध्ये लागू झाला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती योजना १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देऊन गेली, तिचा पुढे कायदा झाला आणि देशाने तिचा कित्ता गिरवला. तिच्याबद्दल उपरोधाने लिहिण्याची माझी प्राज्ञा नाही. मी एवढेच नमूद करतो, की सोळा वर्षांच्या नोकरीत मी रोजगाराच्या हमीसाठी चाळीस हजार रुपये भरले. ती हमी ग्रामीण भागात अंगमेहनतीचे अकुशल काम मागणाऱ्याला आहे. मी पुण्याच्या वाकडमध्ये राहतो आणि दुर्दैवाने कुशल आहे. बेकार माणसाला कोणी कुशल म्हटल्याचा प्रसंग विरळाच, म्हणून ही पावती मी जपून ठेवली आहे.

दिवसा घरात दिसू नये, हा शेवटचा नियम सर्वात कठीण. सोसायटीत साडेनऊनंतर लिफ्टमध्ये भेटणारा पुरुष एकतर निवृत्त असतो, नाहीतर प्लंबर. म्हणून मी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून नऊ वाजता बाहेर पडत असे, वॉचमनचा सलाम घेत असे आणि दोन चौक पलीकडच्या अमृततुल्याच्या बाकड्यावर जाऊन बसत असे. दहा रुपयांचा एक चहा पंचेचाळीस मिनिटे पुरवता येतो. त्यापुढे मालक टेबल पुसायला लागतो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले, की समोरच्या बाकड्यावरच्या दोघांच्या बॅगाही सपाट आहेत. आम्ही एकमेकांना कधी नाव विचारले नाही. फक्त एक दिवस त्यांतला एक आला नाही, तेव्हा उरलेल्या दोघांनी आनंदाने आणि थोड्या द्वेषाने एकमेकांकडे पाहिले.

त्या दिवाळीत माझ्या बायकोने फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. आधी सोसायटीपुरत्या, मग बाणेर-औंधपर्यंत. भाजणी ती भाजत असे. माझ्याकडे चकल्या मोजून, तुटलेल्या बाजूला काढून, अर्ध्या किलोची पाकिटे करण्याचे काम होते. पहिल्या दिवशी माझ्या हातून इतकी मोडतोड झाली की तिने मला सोऱ्याजवळ फिरकू दिले नाही. अशाच एका दुपारी बेल वाजली. हातात टॅब घेतलेला एक तरुण, किती लोक रोजगारात आणि किती बेकार हे मोजणाऱ्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणासाठी आला होता. बोलका आणि दमलेला दिसत होता, म्हणून पाणी दिले. घरात माणसे किती, शिक्षण किती, असे विचारत तो माझ्यापाशी आला.

मी ठरवले होते, की चौदा महिन्यांत एका तरी माणसाला खरे सांगायचे. मी म्हणालो, ‘‘लिहा. बेकार.’’

त्याने टॅबवरून मान वर केली नाही. गेल्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काही काम केले का, असे त्याने विचारले. काम नाही, मी म्हणालो, बायकोला जरा हातभार लावतो. फराळ विकता ना, त्याने विचारले. विकतो. पाकिटे कोण भरते? मी. पैसे मिळतात? मला कशाला मिळतील, ती माझी बायको आहे. तो हसला. घरच्या उद्योगात बिनपगारी मदत करणाऱ्याला वेगळा क्रमांक आहे, साहेब, म्हणाला, एकवीस. आठवड्यात एक तास भरला तरी तुम्ही रोजगारात धरले जाता. मी पुन्हा ‘बेकार’ म्हणून पाहिले. तो म्हणाला, तसे लिहिले तर चूक होईल, आणि वरून तपासणी असते.

मी तेलकट हात पुसून त्याने दाखवलेला पडदा पाहिला. माझ्या नावापुढे एकवीस होते. जाता जाता त्याने चकलीचा भाव विचारला आणि अर्धा किलो बांधून घेतली. बायकोने त्याला तुटक्या चकल्यांचे एक पाकीट तसेच दिले.