घरून जुळवून यायचं ना!

आत्ताच मैफलीहून आले. साडीसुद्धा बदललेली नाही, आधी हे लिहितेय, नाहीतर रात्रभर झोप लागायची नाही.

गायिका तंबोरे जुळवत होत्या. मागच्या रांगेतले एक काका मोठ्याने म्हणाले, "अहो, घरून जुळवून यायचं ना!" आजूबाजूचे पाच-सहा जण हसले. काका, जुळवूनच आणले होते. एसीत आणि स्टेजच्या दिव्यांखाली तारा हलतात, लाकूड हवेतली ओल ओढतं. पण ते सोडा. तुम्हाला तेवढी मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटली, माझा संताप त्याचा आहे.

शाळेत असताना बाबांबरोबर मिरजेला गेले होते, तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून घ्यायला. मे महिना, वर पत्रा. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, कानस फिरवायचे, तार छेडायचे, पुन्हा कानस. मधेच म्हणाले, "पंखा बंद करा." घामाच्या धारा लागलेल्या, तरी बाबांनी मुकाट्याने बटण दाबलं. मग तारेखालचा दोरा त्यांनी केसभर सरकवला आणि तार बोलायला लागली. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतोय म्हणून बाबांचा चेहरा फुललेला. मला कुठला यायला! माझं लक्ष बाहेरच्या बर्फाच्या गोळ्याकडे.

असेच काका आमच्या ग्रुपवर अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या एका रचनेची टिंगल करतात. चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच वाजवायचं नाही, हे कसलं संगीत! तिचा पहिला प्रयोग: २९ ऑगस्ट १९५२, न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक, मागची बाजू उघडी असलेला लाकडी हॉल. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोचं झाकण लावून बसला. केजने नंतर सांगितलं, पहिल्या भागात बाहेरचा वारा होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात लोक बोलत होते, उठून जात होते. त्याने पंखा बंद केला, एवढंच!

आणि "हे तिकडचं फॅड" म्हणणाऱ्यांसाठी: १९४६ मध्ये न्यूयॉर्कला केजला भारतीय संगीत शिकवलं ते गीता साराभाईंनी. संगीत मन शांत करण्यासाठी असतं, म्हणजे दैवी स्पर्शाला ते मोकळं होतं, हे त्याने त्यांच्याकडून घेतलं आणि जन्मभर सांगितलं. तोच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादेत येऊन एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभारून गेला. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेला गेले, तर ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली यांच्यासारखे प्रयोग करणारे लोक त्यांचे शागीर्द झाले. तंबोऱ्याच्या नादासाठी ती माणसं वेडी झाली, आणि इथे आम्ही घड्याळ बघतो.

मान्य, साउंड आर्टच्या, म्हणजे आवाजांच्या कलेच्या, नावाखाली थोतांडही चालतं. कोपऱ्यात डबा घरघरतोय आणि भिंतीवर दोन पानी निवेदन, हे मीही पाहिलंय. आणि हो, फ्लॅटमध्ये माझा रियाज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावरच होतो. पुढे बोला.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. काकांचेही कान थकलेले असणार. दिवसभर हॉर्न, मिक्सर, शेजारचं ड्रिलिंग, गणपतीत डीजे. कान मिटायची सवय आपल्याला लागली ती जगता यावं म्हणूनच. अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका रिकाम्या भूमिगत टाकीत उतरली होती. तिथे एक सूर विरायला ४५ सेकंद लागायचे. वाजवायचं आणि थांबायचं, दुसरा इलाजच नाही. आपल्याला अशी सक्ती करणारी जागा शहरात कुठे उरलीय?

पण मग ते हसू आठवतं आणि पुन्हा डोकं फिरतं. मिरजेच्या त्या दुकानात कुणी हसलं नव्हतं. बाबा सरकारी कारकून होते, संगीताचे पंडित नव्हते. दुसऱ्याचे कान कामात आहेत, तर आपण गप्प बसायचं, एवढं त्यांना कळत होतं. त्याला तिकीट लागत नाही.

तर ऐका. रविवारी सकाळी सातला आमच्याकडे मिरजेला नेलेला तोच तंबोरा जुळवणार आहे. रविवारी ड्रिलिंग बंद असतं. गाणं होणार नाही, भाषण होणार नाही, फोटो काढायचे नाहीत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, खोलीत आठच माणसं मावतात. चहा जुळवून झाल्यावर मिळेल, आधी मागू नये.