‘एका आकड्याला चार दिवस’ या रिव्ह्यूवर लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गाण्याचा क्लास चालू असताना लॅपटॉपवरच्या तानपुऱ्याचा आवाज कमी होईना आणि मुलं हसायला लागली, हे वाचून खरंच वाईट वाटलं. ब्लूटूथ स्पीकरची चूक माझीच आहे. त्याबद्दल खाली लिहितो.

पण तुमच्या रिव्ह्यूची पहिलीच ओळ, "आवाजाचा एक आकडा दाखवायला चार दिवस लावले आणि ९०० रुपये घेतले", ही काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये. आमचे एकूण एकोणीस रिव्ह्यू होते, सरासरी ४.८. तुमच्या एका ताऱ्याने ती ४.६ वर आली. मोठ्या शोरूमला याने काही फरक पडत नाही. मिरजेतल्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान चालवणाऱ्याकडे नवीन गिऱ्हाईक हाच आकडा बघून येतं. म्हणून चार दिवसांचा हिशोब वारानुसार देतो. लांबला तर सांभाळून घ्या.

मंगळवारी संध्याकाळी पावणेआठला तुमचा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. नुसता लॅपटॉप, चार्जर नाही. बॅटरी ११ टक्के. माझ्याकडे चार प्रकारचे चार्जर आहेत, पण तुमच्या मशीनची पिन जुन्या पद्धतीची, आत बारीक सुई असलेली. एकही बसला नाही. थोड्या वेळात स्क्रीन काळी झाली. त्याच रात्री मी तुम्हाला मेसेज टाकला, त्यावर निळ्या खुणाही आल्या. चार्जर आला बुधवारी दुपारी साडेतीनला. म्हणजे तुमच्या चार दिवसांतला पहिला दिवस लॅपटॉप माझ्या फळीवर नुसता पडून होता.

बुधवारी आधी तुमचा डेटा काढला. बंदिशींची रेकॉर्डिंग आणि क्लासचे फोटो मिळून ३८ जीबी. हार्ड डिस्क मधूनच टकटक करायची, म्हणून कॉपी सावकाश केली, अडीच तास गेले. मग विंडोजच्या जागी डेबियन नावाची लिनक्स सिस्टीम टाकली आणि त्यावर खिडक्या सांभाळणारं ओपनबॉक्स. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम लागते आणि तुमच्या मशीनमध्ये २ आहे. "नवीन घ्या" असं सांगून मी मोकळा झालो असतो. नवीन लॅपटॉपवर मला चार पैसे जास्तच सुटतात. पण तुम्हीच म्हणालात की यात फक्त तानपुरा आणि तालाचं ॲप चालायला हवं, म्हणून हलकी सिस्टीम टाकली.

आता ओपनबॉक्स हलकं का असतं, तर त्यात काहीच नसतं. खिडक्या उघडणं, हलवणं, बंद करणं, एवढंच त्याचं काम. खालची पट्टी वेगळी आणायची, घड्याळ वेगळं मांडायचं, आवाजाचं चिन्हही वेगळं. कीबोर्डवरची आवाज वाढवायची-कमी करायची बटणंसुद्धा, त्यांनी काय करायचं हे आपण फाइलमध्ये लिहून दिल्याशिवाय ढिम्म. हे सगळं बुधवारी रात्री नऊपर्यंत बसवलं, खालच्या पट्टीत स्पीकरचं नेहमीचं छोटं चिन्ह आणलं आणि तुम्हाला फोटो पाठवला. तुमचं उत्तर आलं, "हे चिन्ह मला दिसत नाही. बैठकीवरून वाचता येईल असा मोठा आकडा हवा."

मागणी रास्तच होती. पण मॅडम, ती बुधवारी रात्री नऊनंतर आली. मंगळवारच्या चिठ्ठीवर तुमच्या विद्यार्थ्याने फक्त "आवाज दिसला पाहिजे" एवढंच लिहिलंय. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.

गुरुवारी सकाळी आकडा बसवला. टिंट-टू नावाची जी पट्टी आहे, तिला एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची फाइल, जोडून देता येते. स्क्रिप्ट जे सांगेल ते पट्टीवर उमटतं. २८ पॉइंटात ठसठशीत आकडा आला. बारा वाजता तुम्ही स्वतः आलात, पाहिलंत, "छान आहे" म्हणालात आणि निघता निघता विचारलंत, "हे मराठी आकड्यात होईल का?" मी हो म्हटलं. गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही म्हणायची मला सवय नाही, हा माझाच दोष.

त्या "हो"पायी गुरुवारची दुपार गेली. अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवणारी टीआर नावाची एक जुनी कमांड आहे. मी तीच वापरली, कारण कामात नेहमी तीच हाताशी असते. पण ती अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते, म्हणजे कॉम्प्युटर अक्षर ज्या तुकड्यांत साठवतो ते तुकडे. इंग्रजी आकडा एका बाइटचा, आपला देवनागरी आकडा तीन बाइटांचा. त्यामुळे तिने प्रत्येक आकड्याच्या वाट्याला तीनातला एकेकच तुकडा दिला आणि पट्टीवर प्रश्नचिन्हं आणि कचरा उमटला. मग सेड नावाची दुसरी कमांड वापरली, ती पूर्ण अक्षर ओळखते. तरी चौकोनच! कारण मी सिस्टीम इतकी सडपातळ ठेवली होती की तिच्यात देवनागरीचा फॉन्टच नव्हता. लोहित फॉन्ट टाकला. सात वाजता खाली उजव्या कोपऱ्यात "४२" उमटला तेव्हा दुकानातल्या पोराने टाळी वाजवली. माझा दुपारचा डबा मी तेव्हा उघडला.

तुम्हाला सात दहाला फोन केला, सात चाळीसला पुन्हा. तुमचा क्लास चालू असणार, माझी काही तक्रार नाही. शुक्रवारी दुकानाला सुट्टी असते, तसं शटरवर लिहिलंय. शनिवारी साडेदहाला लॅपटॉप गेला.

हे असे चार दिवस. माझ्या हिशोबाने काम दीड दिवसाचं. आणि ९०० पैकी ७०० डेटा आणि सिस्टीमचे होते, आकड्याचे २००. बिलावर वेगवेगळे लिहिलेत.

खरं सांगू का, पैशापेक्षा "एका आकड्याला" हे शब्द जास्त लागले. तुम्ही गाण्यातल्या आहात. सतारमेकर गल्लीत जवारी (तारेचा घुमणारा नाद) काढायला दिली तर घोडीवर घासूघासून, तारेखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे करत कारागीर किती वेळ बसतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. त्याला कुणी म्हणत नाही की एका दोऱ्याला एवढा वेळ का. (ज्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तिथेच लॅपटॉपवर तानपुरा लावायचं काम माझ्याकडे आलं, त्यावर मी काही बोललो नाही. हे लिहायलाही नको होतं.)

आता माझी चूक. तुम्ही लिहिलंय, "ब्लूटूथ स्पीकर लावला की आकडा हलतो, पण आवाज हलत नाही." अगदी बरोबर. आकडा कुठून वाचायचा आणि बटणांनी कुणाचा आवाज बदलायचा, तिथे मी लॅपटॉपच्या साउंड कार्डाचा नंबर थेट लिहून ठेवला होता. दुकानात ब्लूटूथ लावून पाहिलं नाही. त्यामुळे तुम्ही बटण दाबलंत की आवाज कमी व्हायचा तो गप्प बसलेल्या लॅपटॉपचा, आणि स्पीकर आपला सुरूच. फोनवर "रीस्टार्ट करा" म्हणाला तो दुकानातला पोरगा. मी सांगलीला माल आणायला गेलो होतो. त्याला समज दिली आहे. नवीन आहे, चुकतो.

रिव्ह्यू वाचल्यावर रात्री भंगारातून तुमच्यासारखंच एक जुनं मशीन काढलं आणि स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आता ती ठरलेल्या कार्डाकडे बघत नाही. त्या क्षणी आवाज जिथून बाहेर पडतोय, लॅपटॉप असो, हेडफोन असो की ब्लूटूथ, त्याचाच आकडा दाखवते, आणि बटणंही त्यालाच लागू होतात. आधी ती दर सेकंदाला जाऊन विचारायची. आता आवाज बदलला की तिकडूनच निरोप येतो, म्हणून आकडा बटणाबरोबर लगेच हलतो. या पद्धतीत आवाज शंभरच्या वरही चढू शकतो आणि मग स्पीकर फाटका वाजतो. मुलांचे हात लक्षात घेऊन १०० वर कुलूप घातलंय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा गैरसमज होईल. नव्या मांडणीत टक्के मोजायची रीत वेगळी आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर आधी जिथे ७० दिसायचे, तिथे आता ४६ च्या आसपास दिसतील. आवाज तेवढाच. तुम्ही वहीत सकाळच्या बॅचचा आणि संध्याकाळच्या बॅचचा आकडा लिहून ठेवलाय असं म्हणाला होतात, तो एकदा नव्याने लिहावा लागेल.

यापुढे काम घेताना सगळं नीट लिहून घेऊ, वेळेची कल्पना आधी देऊ, ब्लूटूथही तपासू. टोकन पद्धत सुरू करायचाही विचार आहे, बघू कसं जमतं. ताऱ्यांचं तुम्ही ठरवा, मी आग्रह करणार नाही. फक्त "चार दिवस" तेवढं जमलं तर दुरुस्त करा.

लॅपटॉप शुक्रवार सोडून कधीही पाठवा, पैसे लागणार नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे, फार तर एक तास. सोबत तो ब्लूटूथ स्पीकर द्या. आणि चार्जर.