थ्री ऑफ स्वोर्ड्स म्हणजे फक्त ब्रेकअप नव्हे

टॅरोवरच्या, म्हणजे भविष्य वाचायला वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांवरच्या, एका लेखात 'थ्री ऑफ स्वोर्ड्स (तीन तलवारींचं पान) आलं की नातं तुटणारच' असं ठामपणे म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. आधीच हवालदिल होऊन पत्ते उघडणाऱ्या माणसाच्या काळजात असं वाक्य उगीच धडकी भरवतं.

चित्र नीट बघा. लालभडक हृदय, त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी, मागे करडे ढग आणि तिरका पाऊस. माणूस कुठेच नाही, रक्ताचा एक थेंबही नाही. चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी आर्थर वेट यांच्या १९०९च्या टॅरो संचासाठी हे काढलं. त्याआधी पंधराव्या शतकातल्या इटलीच्या सोला बुस्का संचातही तलवारींनी भोसकलेलं हृदय आहेच. वेट यांनी दिलेल्या अर्थांत ताटातूट आहे, तसंच दुरावा, अनुपस्थिती आणि विलंबही आहे. म्हणजे जिवलगाचा मृत्यू, मैत्रीत पडलेली फूट, जिव्हारी लागलेला एखादा शब्द, सगळंच यात येतं.

शिवाय तलवारी हा विचारांचा, वाणीचा गट. भावनांचा गट कप्सचा, म्हणजे पेल्यांचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथलं दुःख बरेचदा कळून चुकलेल्या सत्याचं असतं: मनाला आतून ठाऊक होतं, ते आता कुणीतरी बोलून दाखवलं. उलटं पान आलं तर काहीजण जखम भरतेय असं वाचतात, काहीजण दुःख दाबून ठेवलंय असं. शेजारची पानं बघितल्याशिवाय ते ठरवू नये. आणि समोरचा रडायला लागला, तर पत्ते बाजूला ठेवून आधी त्याचं ऐकून घ्यावं.