‘आधी रेस, मग क्लच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गणपती जवळ आले की कोकणात गाडी शिकणाऱ्यांना एकदम ऊत येतो, आणि त्याच सुमारास हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा : कोकणात सपाट जागाच नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून चढावरच शिका. आधी भरपूर रेस द्या, मग क्लच सोडा, गाडी बंद पडणार नाही. चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवा, हँडब्रेक नवशिके लावतात. एसटीवाले कधी लावतात का? डावा पाय कायम क्लचवर तयार ठेवा. घाट उतरताना क्लच दाबून सोडा, पेट्रोल वाचतं. आणि एवढं करून जमलं नाही तर, ‘विशेषतः भगिनींनी’, सरळ ऑटोमॅटिक घ्यावी.

सुरुवात रेसपासून करू, कारण बाकीचा घोळ तिथूनच निघतो.

गाडी बंद का पडते? इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक गरगरत असतं आणि गिअरबॉक्सच्या बाजूची क्लच प्लेट, गाडी उभी असल्यामुळे, स्थिर असते. पेडल सोडत आणलं की स्प्रिंगच्या जोरावर प्लेट फ्लायव्हीलवर दाबली जाते. आधी थोडी घसरते, मग पकडते. या घसरण्याच्या टप्प्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडीने वेग घ्यायच्या आत पाय तिथून पुढे निसटला, की उभ्या गाडीचं सगळं वजन इंजिनावर येतं. मिनिटाला सातशे ते नऊशे फेऱ्यांवर रमतगमत चाललेलं पेट्रोल इंजिन तेवढ्याने दबतं आणि बंद पडतं. म्हणजे चूक डाव्या पायाची, आणि मेसेज औषध देतो उजव्या पायाला.

जास्त रेस दिली तर गाडी बंद पडत नाही, हे मात्र कबूल. पण ती उचलते गचका मारून, आणि किंमत प्लेट मोजते. सपाट रस्त्यावर इंजिन एकाच वेगावर धरून, प्लेट पुरती पकडेपर्यंत क्लच घसरवला, तर त्यात होणारी उष्णता इंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड हजार फेऱ्यांऐवजी तीन हजारांवर सुटलात, तर उष्णता चौपट. शिकणारा माणूस तासाभरात किती वेळा थांबतो आणि सुटतो, ते आठवा.

उलट करून बघा. सपाटीवर गाडी फर्स्टला टाका आणि उजवा पाय ब्रेकवरून काढून नुसता जवळ ठेवा. रेस अजिबात नको. टाच जमिनीला टेकवून क्लच हळूहळू वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, आरपीएमचा काटा जरासा लवतो, सीटखाली बारीक थरथर जाणवते. पाय तिथेच थांबवा. गाडी आपली आपण सरकायला लागते, कारण इंजिन दबतंय असं दिसलं की आजच्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्वतःहून इंधन वाढवतो. चाकं एक-दोन फेरे फिरली, की उरलेला क्लच सोडा. भाचीला मी हे शिकवत होतो, तेव्हा ती थरथर लागताच पाय पुढे सोडून मोकळी व्हायची.

‘‘मामा, परत बंद पडली.’’

‘‘पडू दे. पाय कुठे थांबवलास?’’

‘‘थांबवलाच नाही.’’

याच्यापुढे शिकवायचं फार थोडं उरतं. रेस आणायची ती पाय थांबवायला जमल्यावर, तीसुद्धा आवाज थोडा जाड होईल इतपतच.

बरं, सपाट जागा नाही हे कोणी सांगितलं? मेसेज लिहिणाऱ्याने सडा पाहिलेला दिसत नाही. रत्नागिरी-राजापूरकडे गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सपाट कातळ पसरलेला असतो आणि त्यावरून जाणारे रस्ते दुपारी ओस असतात. तिथे शिका. फक्त डांबर सोडून कातळावर गाडी घालू नका. उक्षी, कशेळी, बारसू अशा किती ठिकाणी त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत, आणि पावसाळ्यात सड्यावरची फुलं टायरखाली जातात ती वेगळीच.

चढ मग येतोच, आणि तिथे मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. हाफ क्लचवर गाडी चढावर धरणं म्हणजे गाडी तसूभर न हलवता इंजिनाची सगळी ताकद प्लेट तापवण्यात घालवणं. सणासुदीला परशुराम घाटात रांग लागली की जळका वास येतो, तो यातूनच. प्लेट फार तापली की पकड सोडते. मग इंजिन ओरडतं आणि गाडी चढत नाही. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी आलीच.

हँडब्रेक लावल्याने कमीपणा कसला? केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 15 वाचा. लायसन्सच्या परीक्षेत काय काय जमलं पाहिजे, याची यादी त्यात आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा नाहीतर रेस आणि पायब्रेकचा नीट वापर करून, अजिबात मागे न घसरता पुन्हा सुटता आलं पाहिजे, असं त्यात चक्क लिहिलंय. हाफ क्लचवर लोंबकळत राहा, असं कुठेही नाही. कृती साधी आहे. हँडब्रेक ओढलेला, फर्स्ट गिअर, थोडी रेस, क्लच त्या थरथरीपर्यंत वर. बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की गाडी पुढे ओढ घेतेय. आता हँडब्रेक सोडा. मागे घसरलीच तर घाबरून क्लच सोडू नका, ब्रेक दाबा.

हे सगळ्यात उघडं पडतं फेरीबोटीच्या जेटीवर. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळला ओहोटीच्या वेळी जेटीच्या उताराचा खालचा, शेवाळ धरलेला भाग उघडा पडतो. बोटीतून बाहेर पडून त्यावर चढायचं असतं, पुढची गाडी मध्येच थांबते आणि मागे पाणी असतं. भरपूर रेस देणाऱ्याची पुढची चाकं तिथे जागेवरच गरगरतात. क्लच ओळखणारा इंजिनाचा आवाज चढू न देता वर येतो.

एसटीवाल्यांचं म्हणाल, तर ती जड डिझेल गाडी, फर्स्ट गिअर वेगाला कमी पण ओढीला जास्त, आणि कमी फेऱ्यांवरही इंजिनाला ओढ भरपूर. त्यात चालवणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं घाटात मुरलेला. तुमच्या हजार सीसीच्या पेट्रोल गाडीला आणि पंधरा दिवसांच्या सरावाला ते माप कसं लागेल? शिवाय घाटात थांबलेल्या एसटीचा ड्रायव्हर हँडब्रेक लावत नाही, हा शोध कोणी लावला कोण जाणे.

पाय क्लचवर ठेवण्याबद्दल एवढंच : नुसत्या वजनानेही पेडल थोडं दबतं, क्लच सुटा करणारं रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं आणि प्लेटवरचा दाब कमी होतो. गाडी चालू लागली की डावा पाय जमिनीवर.

उतारावर क्लच दाबायचा सल्ला मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना रेस सोडून उताराला लागल्या की इंजिनाचं इंधन बंद करतात. क्लच दाबलात तर उलट इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावं लागतं. आणि कुंभार्ली किंवा आंबा घाटात इंजिनाचा अडसर काढून घेतलात, तर सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापून लागेनासे झाले, की वाचवलेलं पेट्रोल मोजायला माणूस जागेवर असेल याची खात्री कोण देणार? ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

राहता राहिल्या भगिनी. क्लचला बाई-पुरुष कळत नाही, सीट कळते. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहील इतकी सीट पुढे घ्या. पुष्कळ घरांत ती नवऱ्याच्या उंचीला लावलेली असते आणि बाई बोटांच्या टोकांनी पेडल ढकलत असते. तसा पाय कोणाचाही मध्येच थांबणार नाही. पावसात ओल्या स्लिपरा घालून तर बसूच नका, पट्ट्याच्या सँडल घाला. ऑटोमॅटिक हवी तर खुशाल घ्या. पण स्वस्तातल्या एएमटीमध्येही क्लच असतोच, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतं. आणि हिल असिस्ट, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, नसेल तर चढावर तीही मागे येते. आणि क्लचच्या गाडीत असलेला हिल असिस्टही ब्रेक धरतो तो जेमतेम दोन-तीन सेकंद. तेवढ्यात क्लच कुठे पकडतो हे पायाला ठाऊक नसेल, तर चौथ्या सेकंदाला हँडब्रेकच ओढावा लागतो.