दुखणं बाहेर सरकलं म्हणजे पाय सुधारला?

सपाट तळव्यांवरचा एक फॉरवर्ड नातेवाइकांच्या ग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चाळिशीनंतर तळपायाची कमान बसली तर घाबरू नका, आतल्या घोट्याचं दुखणं आपोआप थांबतं. पुढे बाहेरच्या बाजूला दुखलं तर ती मुरगळ. एक्स-रेत काही आलं नाही म्हणजे हाडं ठणठणीत. रोज बोटांनी टॉवेल ओढा, कमान परत येईल. आणि ऑपरेशन केलंत तर पाय जन्माचा आखडेल. शेवटी हात जोडलेले आहेत, त्यामुळे शंका कोण घेणार!

सगळ्यात घातक आहे ते ‘आपोआप थांबतं’. पोटरीतून निघालेला पोस्टीरियर टिबियल टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीच म्हणा) आतल्या घोट्यामागून वळसा घेऊन तळपायाकडे जातो आणि कमान उचलून धरतो. तो सुजतो, झिजतो तेव्हा आत दुखतं. तो ताणून पार निकामी झाला की ते दुखणं खरोखरच कमी होऊ शकतं. पण तोवर त्याच्या जोडीची लिगामेंटंही, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टेही, सैलावलेली असतात. घोट्यातलं टॅलस हाड आत आणि खाली घसरतं, टाच बाहेर कलते, आणि बाहेरच्या बाजूची जागा आवळत जाते. टॅलसचा बाहेरचा कोपरा टाचेच्या हाडावर टेकू लागतो. टाच आणखी कलली तर ती थेट फिब्युलाच्या, म्हणजे बाहेरच्या घोट्याच्या, टोकाला भिडते. मधले टेंडन आणि मऊ भाग चिमटतात ते वेगळंच. दुखणं बाहेर सरकलंय ते आजार पुढे गेल्यामुळे.

मग मुरगळ कशी ओळखायची? मुरगळीला बहुधा एक प्रसंग असतो: पायरी चुकली, खड्ड्यात पाय गेला, थोड्याच वेळात सूज आली. इथे तसं काही सांगता येत नाही. बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे आणि खाली बोट दाबलं की एक खळगा लागतो. तिथे, नाहीतर घोट्याच्या टोकाखाली, दुखतं. बराच वेळ उभं राहिलं की वाढतं. घरच्या कुणाला मागून बघायला सांगा. दुखऱ्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूने जास्त दिसतात का? भिंतीला हात टेकून त्या एकाच पायावर टाच उचलता येते का? टाच उचलतच नाही, किंवा उचलताना आत वळत नाही, तर क्रेप बँडेजवर महिने घालवू नका.

एक्स-रेचा मुद्दा अर्धवट आहे. तो झोपवून काढला की पायावर वजनच नसतं, आणि घसरलेली हाडं बरीचशी जागेवर आल्यासारखी दिसतात. एक्स-रे उभं राहून, दोन्ही पायांवर भार देऊन काढायला हवा. हाड हाडाला नेमकं कुठे टेकतंय ते उभ्याने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सर्वांत चांगलं दिसतं, पण ते मशीन सगळीकडे नसतं. उभ्याचा एक्स-रे मात्र कुठल्याही सेंटरला जमतो. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या.

व्यायाम वाईट नाहीत. सुरुवातीला टेंडनचे व्यायाम, आधार देणारा इनसोल किंवा ब्रेस, वजन कमी करणं यांनी अनेकांना आराम पडतो. पण टॉवेल ओढून घसरलेलं टॅलस वर चढत नाही. पाय कडक झालेला असेल तर कमानीखालचा उंच, टणक इनसोल उलट टोचतो. आणि आतल्या टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी दहादा विचारा, कारण त्याने टेंडन तुटण्याचा धोका असतो.

राहता राहिलं ऑपरेशन. १९८९ साली जॉन्सन आणि स्ट्रॉम या डॉक्टरांनी आजाराच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्यांतली दुसरी आणि तिसरी इथे महत्त्वाची. दुसरीत पाय हाताने सरळ करता येतो. तेव्हा टाचेचं हाड कापून आत सरकवतात, बोटं वाकवणारा शेजारचा टेंडन निकामी टेंडनच्या जागी जोडतात, आणि सांधे सहसा वाचतात. तिसरीत पाय कडक झालेला असतो, तेव्हा सांधे जोडून टाकावे लागतात. मग पायाचं डावी-उजवीकडे कलणं जातं, खडबडीत वाटेवर ते जाणवतं. पण पाऊल वर-खाली करणारा मुख्य सांधा या ऑपरेशनमध्ये मोकळाच ठेवतात.