राणी उघड्यावर, थोरली बहीण कुलपात

गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. समुद्रावर जाणारी निम्मी मंडळी ते न बघताच पुढे जातात. मी यंदा लेकीला घेऊन मुद्दाम गेलो, एकाच विमानासाठी. सुपर कॉन्स्टेलेशन, पंख्यांच्या जमान्यातलं जुनं प्रवासी विमान. माशासारखी बाकदार पाठ, चार पंखे, मागे तीन शेपट्या. एअर इंडियात असताना तिचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी! पुढे ती वायुदलात गेली, १९७६ मध्ये नौदलात आली, आणि आता आवारात उघड्यावर उभी आहे. शंभर इंचांवर पाऊस, वर खारा वारा. ॲल्युमिनियमला याहून वाईट शेजार नाही.

तिची थोरली बहीण इंग्लंडमध्ये आहे. स्विंडनजवळ रॉटन नावाचा जुना लष्करी विमानतळ आहे (नाव रॉटन, पण सामान नीट ठेवलंय). लंडनच्या सायन्स म्युझियमचं ते कोठार. तिथल्या हँगरमध्ये एक कॉन्स्टेलेशन आहे, ७४९ए जातीचं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन उड्डाण कैरो, जिनिव्हामार्गे ज्या 'मलबार प्रिन्सेस'ने केलं, ती याच जातीची. ती प्रिन्सेस १९५० साली आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळली आणि ४८ जणांना घेऊन गेली. रॉटनच्या विमानाने १९७३ मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचं सामान वाहिलं. बाजूला बोइंग २४७, कॉमेट, ट्रायडंट अशी जुनी प्रवासी विमानं आहेत. पूर्वी तिथे खुले दिवस असायचे. पण एरवी विमानांचे हँगर कुलूपबंद.

पूर्वी असं काही वाचलं की मी चिडायचो. लोकांच्या पैशाने जपायचं आणि लोकांनाच दाखवायचं नाही?

मत बदललं ते अमेरिकेच्या 'एनोला गे'बद्दल वाचताना. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान, स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेच्या मालकीचं, आणि १९५३ पासून अँड्र्यूज तळावर उघड्यावर टाकलेलं. पक्ष्यांनी घरटी केली, हौशी लोकांनी आठवण म्हणून सुटे भाग लांबवले. १९६० च्या सुमारास ते सुटं करून मेरीलँडमधल्या सूटलंडच्या शेडमध्ये नेलं. ती शेडही जागेच्या अडचणीतूनच उभी राहिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाईदलाचे प्रमुख जनरल अर्नोल्डनी शत्रूच्या विमानांचे नमुने राखायला लावले आणि ते शिकागोजवळच्या एका कारखान्यात ठेवले. कोरियाचं युद्ध पेटलं तशी ती जागा परत मागितली गेली. मग स्मिथसोनियनच्या पॉल गार्बर या गृहस्थांनी सूटलंडचं रान शोधलं. तरी काही मोठी विमानं भंगारात गेलीच. एनोला गेची दुरुस्ती १९८४ ला सुरू झाली, सबंध विमान लोकांना दिसलं ते २००३ मध्ये. सात वर्षं उघड्यावर काढली आणि निस्तरायला पुढची कित्येक गेली.

तेव्हा कोठाराला नावं ठेवणं मी सोडलंय. गणपतीचं मखर अकरा महिने माळ्यावर असतं, त्याला कोणी अडगळ म्हणत नाही. पण ते अकराच महिने. बाराव्या महिन्यात खाली यायलाच हवं, नाहीतर माळ्यावर काय आहे हे घरातली पोरंही विसरतात. सूटलंडच्या शेडमध्ये १९७७ पासून कित्येक वर्षं लोकांना हिंडवून आणत होते. धूळ, उघडी इंजिनं, अर्धे पंख, सगळं दिसायचं. आता वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळच्या स्मिथसोनियनच्या केंद्रात दुरुस्तीचा हँगर काचेपलीकडून बघता येतो. मला तर चकचकीत विमानापेक्षा तेच बघायला जास्त आवडेल.

आता कोणी म्हणेल, मग राणीलाही कुलपात घाला. नको! माझी लेक तिच्या पोटाखाली उभी राहून तिन्ही शेपट्या मोजत होती, दोनदा. रॉटनच्या कुठल्या पोराला हे रोज करता येतं? राणीला फक्त छप्पर द्या. भिंती नकोत, चारी बाजूंनी मोकळी, नुसती पत्र्याची शेड चालेल. गोव्यात मासळीबाजारालासुद्धा असते.